उभी अक्षरं

मोडी येते म्हणून पुराभिलेखात माझी खुर्ची,
खिडकीकडे पाठ, रुमालांकडे तोंड.
मार्चातल्या एका दुपारी ओयुंगेरेल आली,
उलानबातरची, कायदा शिकणारी.
शिपाई बंडा तिला उनाताई म्हणतो.
तिचं काही म्हणणं नाही.

तिला हवे होते दरबारचे जुने निवाडे,
साहेबाचं कलम आमच्या तोंडी कधी बसलं, ते बघायला.
स्वतःच्या देशाचं तिनं बोटांवर सांगितलं:
आधी खानाचा शब्द, चाबकासारखा,
मग मांचूंचे हुकूम, मग मॉस्कोचे शिक्के,
आता दिवाणी कायदा जर्मन मापाचा.
"दुसऱ्यासाठी शिवलेला अंगरखा," म्हणाली,
"बाह्या लांब आहेत. थंडीत बऱ्या पडतात."

मी हसलो. माझं लग्न
अठराशे बहात्तरच्या कायद्यानं लागलंय.

रुमाल सोडला. बोरू न उचलता
धावत गेलेल्या ओळी.
अर्जदार शद्रक वल्द संतू, नवा किरिस्ताव.
विहिरीवर मनाई करितात,
म्हणतात, तू परका झालास.
खाली शेरा: मनाई नसावी.
"पुढे?" तिनं विचारलं.
पुढे कागद नाही.
शद्रक माझा पणजा. पाणी मिळालं का,
ते घरातही कुणी सांगितलं नाही.

ती बराच वेळ त्या शेऱ्याकडे बघत राहिली.
मग आईचं बोलली.
त्र्याण्णव साली, नमद्याच्या तंबूत,
एका कोरियन पाळकाकडून बाप्तिस्मा.
मामा अकरा वर्षं बोलला नाही. परका देव.
आई म्हणायची, अरे, आठशे वर्षांमागं
खानांच्या राण्या गळ्यात क्रूस घालायच्या!
मामा म्हणायचा, राण्या मेल्या.

पावतीच्या पाठीवर तिनं माझं नाव लिहिलं,
वरून खाली, दोरीला गाठी मारत यावं तसं.
दानियल.
या अक्षरांचा आजा सिरियाकडचा, म्हणाली,
प्रभूच्या बोलीचा सोयरा.
वाटेत कुठंतरी ओळ आडवी होती ती उभी राहिली.
मी तिचं नाव मोडीत लिहिलं.
नोंदवहीवाल्या कुरणेबाईंनी दोन्ही परत केली.
"देवनागरीत द्या. हे कोण वाचणार?"

संध्याकाळी टाऊन हॉलात नेलं तिला.
काचेत वीतभर काशाचा समुद्रदेव,
रोमकडून आलेला.
हात उगारलेला, हातात काही नाही.
तिच्याकडे समुद्र नाही, आमच्याकडेही
पंचगंगेचा घाट, तेवढंच.
"परदेशी ना हा?" तिनं मोडक्या मराठीत विचारलं.
पहारेकरी दुखावला.
"परदेशी कुठला? ब्रह्मपुरीत घावलाय
जमिनीखाली. आमचाच हाय."

तिनं मग इंग्रजीत विचारलं,
किती वर्षं पुरून राहावं लागतं त्यासाठी?
पहारेकरी माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
मी तेवढं भाषांतर केलं नाही.