स्टँडर्ड बोअर

दंडोबाच्या तिसऱ्या वळणावर,
सहा हजार आठशे आरपीएमला,
कनेक्टिंग रॉडनं ब्लॉकला खिडकी पाडली.
वाकून बघितलं तर आत क्रँक दिसत होती,
आणि तेल माझ्याआधी उतारानं
खाली निघालं होतं.

तेव्हापासून गाडी कुपवाडात,
एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत
इलाही शिकलगारांच्या शेडमध्ये
नाक वर करून उभी.
इंजिन काढलं की सेडिया पुढून चार बोटं उचलते,
हे मला माहीत नव्हतं.

"तीन ब्लॉक हायत," चाचा म्हणाले.
"पोरगा बघायला आल्यागत लांबनं बघू नगा,
हात लावा."

पहिला पुण्याचा. धुतलेला, रंगवलेला, प्लास्टिकात गुंडाळलेला.
बोअर गेज आत सोडला.
काटा जिथं थांबू नये तिथं जाऊन थांबला:
आधीच एक मिलिमीटरनं मोठा केलेला.
"भिंतच उरली न्हाई ह्येच्यात.
बाजारला जायला चालंल,
तुमच्या पायाला न्हाई चालायचा."

दुसरा माझाच.
खिडकीला बिडाचा तुकडा बसवायचा,
निकेलच्या रॉडनं शिवायचा, आत स्लीव्ह ठोकायची.
हाच करू, मी म्हटलं, अकरा वर्षं झाली याला.
चाचा काही बोलले नाहीत.
ब्लॉक साखळीला टांगला,
बारक्या हातोडीनं एक टोला दिला.
ठप्प.
मेन बेअरिंगच्या अंगाला दुसरा.
ठप्प.
त्यांचे चुलतभाऊ मिरजेत तंबोरे करतात.
हे मशीनकडे का आले, विचारलं की सांगतात,
"लाकूड रुसतं. बीड खोटं बोलत न्हाई."

तिसरा कोपऱ्यात, पोत्याखाली.
गावभागातल्या कुडचेबाईंच्या गाडीचा,
एकोणीसच्या पुरात नऊ दिवस पाण्यात.
चारही सिलिंडरांत गंजाची एकेक कडी,
पिस्टन जिथं अडकले होते तिथं,
दोन वर, दोन खाली.
आमच्याकडं घराघराच्या भिंतीवर अशी रेघ असते.
पाहुणा आला की बोट लावून दाखवायची:
इथवर.
मी बोट आत घातलं. नखाला लागली.

टांगला. टोला.
घंटा वगैरे म्हणणार नाही मी.
पण लेथवरच्या महावीरनं मशीन बंद करून
मान वळवली, एवढं सांगते.
"स्टँडर्ड बोअर," चाचा म्हणाले,
"अजून कुणाचं हत्यार लागलं न्हाई ह्येला.
पॉइंट पन्नासला रेघ जाईल."

तरी दोन दिवस घेतले मी.
पुरातलं, हा शब्द इथं
दुकानदारसुद्धा आवाज खाली आणून उच्चारतो.
मग बाईंना फोन केला.
त्यांनी भंगाराचा भाव सांगितला, किलोवर.
"मी कधी साठच्या पुढं नेली नाही हो.
तुम्ही किती पळवता?"
खरा आकडा सांगितला.
पलीकडं बराच वेळ कुणीच नव्हतं.
"न्या मग," त्या म्हणाल्या,
"पण नंबर खोडू नका तेवढा."

नंबर खोडता येतच नाही.
ब्लॉकवर ठोकलेला असतो,
आता माझ्या आरसी बुकात त्यांचाच येणार.
आरटीओतला क्लार्क विचारेल, इंजिन कुणाचं?
अजून उत्तर ठरवलेलं नाही.

वॉटर जॅकेटमध्ये प्रेशरनं पाणी सोडलं
तेव्हा काळा गाळ आला, वासासकट.
चाचांनी चिमूटभर बोटांत चोळला,
"गाळ तर बारीक हाय," म्हणाले, आणि हात धुतले.
मग बोअरिंग बार उतरला.
पहिल्या, दुसऱ्या, चौथ्यातली रेघ
चकचकीत भुशात गेली.
तिसऱ्यात, अगदी तळाशी,
मोहरीएवढा एक खड्डा उरला.
"रिंग तिथवर उतरत न्हाई," ते म्हणाले.
"काढायचा तर अजून पंचवीस घ्यावे लागतील. भिंत जाईल."

राहू दे, मी म्हटलं.
महावीरनं टॉर्च बंद केला.