हजेरीवही

अकरा वर्षं संघटनेचं कपाट माझ्या लॅबच्या मागच्या खोलीत.
शिक्का शर्टाच्या खिशात,
पावतीपुस्तक स्कूटरच्या डिकीत,
एकशे चाळीस सभासदांचे वाढदिवस तोंडपाठ.
लॅब टेक्निशियन संघटना, सोलापूर शाखा?
म्हणजे हिरेमठ सर की ओ, म्हणत लोक.
मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

दर दुसऱ्या रविवारी चार वाजता सभा.
सतरंजी मी अंथरायची, चहा मी सांगायचा,
पाहुणे स्टेशनवरून मीच आणायचे,
आभारही मीच मानायचे,
बहुतेक स्वतःचेच.
येणारे अकरा. कधी नऊ.
इतिवृत्तात दरवर्षी एक वाक्य:
नव्या पिढीला तळमळ नाही.
एकमताने मंजूर. नऊ मतांनी.

मग मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत,
छातीत कळ आली.
स्वतःचा रिपोर्ट स्वतःच वाचला
आणि किल्ली काढून दिली, समोर होती तिला.
रजिता चिट्याल. अशोक चौकाच्या पलीकडची.
सभेला दोनदा आलेली, दोन्ही वेळा दाराजवळ बसलेली.
तात्पुरतं बघ, म्हणालो.

तिनं कपाट उघडलंच नाही.
फोन लावले. एकशे चाळीस.
तळमळ आहे का, असं कुणालाच विचारलं नाही.
विचारलं, तुमच्याकडे पाणी कधी सुटतं?

एका पाठकोऱ्या कागदावर तक्ता:
शेळगी, जुळे सोलापूर, नई जिंदगी, विडी घरकुल.
कुणाचा नळ पहाटे तीनला, कुणाचा भर दुपारी,
कुणाची आई एकटी बॅरल भरू शकत नाही,
कुणाला खालून तिसऱ्या मजल्यावर चढवायचंय.
पाचव्या दिवसाचं पाणी सोडून
माझं भाषण ऐकायला कोण येणार होतं?
तिनं रविवार सोडला.
पाणी सरकतं तशी सभा सरकवली.

तौफिक बागवानला म्हणाली, तू फक्त खुर्च्या मोज.
पुढच्या वेळी: किती लागतील ते तूच ठरव.
त्यानं वीस कमी सांगितल्या.
लोक भिंतीला टेकून उभे राहिले.
ती काही बोलली नाही. तोच शेजारच्या मंगल कार्यालयातून
खुर्च्या डोक्यावर घेऊन आला, घामाघूम.
दिवाळीनंतर तो माइकपाशी,
डेंग्यूच्या फसव्या रिपोर्टांवर बोलायला.
मध्येच अडकला.
शेवटच्या रांगेत मला तो शब्द माहीत होता.
जिभेच्या टोकावर होता.
रजिताकडे पाहिलं. ती टेबलावरचं पेन न्याहाळत होती.
किती लांब असतात पाच सेकंद.
त्याला दुसराच शब्द सापडला,
माझ्यापेक्षा साधा.

तीस वर्षं पोरांना शिकवत आलो,
जांभळ्या टोपणाची ट्यूब भरली की
हलक्या हातानं उलटी-सुलटी करा,
आठ वेळा, दहा वेळा.
तशीच ठेवली तर गुठळी होते.
जोरात हलवली तर पेशी फुटतात.
ट्यूबचं मला माहीत होतं.

परवा हजेरीवही फिरत माझ्यापर्यंत आली.
वर एकसष्ट नावं,
काही तेलुगू वळणाची, एक उर्दूतली सही,
पाच-सहा तर मी कधी न ऐकलेली.
नाव लिहिलं. पुढे हुद्द्याचा रकाना.
सवयीनं हातानं 'स' काढला
आणि थांबला.
पलीकडचा पोरगा म्हणाला, काका, पेन द्या की,
मला निघायचंय, साडेसहाला नळ येतो.
मी 'स'च्या पुढे
'भासद' लिहिलं
आणि पेन दिलं.