जास्तीचं उधाण

तारामुंबरीच्या उपकेंद्रात दर मंगळवारी
मी एक पुठ्ठ्याचं चक्र फिरवते.
लोहाच्या गोळ्यांच्या कंपनीनं फुकट दिलेलं,
मधली टाचणी गंजलेली,
बाण मे महिन्यावर नेला की जरा अडकतो.

प्रचिती मेतरला तारीख आठवत नव्हती.
आठवत होतं ते एवढंच, की
जवळा वाळत घातला होता, वळीव आला,
आणि ताडपत्री ओढता ओढता
ओटीपोटात ओळखीची कळ.
वळीव कधी आला ते मला ठाऊक होतं,
त्या दिवशी उपकेंद्राची कौलंही गळली होती,
लसींचा डबा मी पदराखाली धरून बसले होते.
अठरा मे, लिहिलं.
बाण अंगठ्यानं दाबून बसवला.
आज सात सप्टेंबर, म्हणजे सोळा आठवडे.
सात दिवस पुढे, तीन महिने मागे,
पंचवीस फेब्रुवारी.

"सोळा?"
तिची सासू शेवंती बाकावरून उठली नाही,
नुसती मान वळवली.
"माझो झील एक जूनाक घरात इलो.
बंदी लागली, बोट वर ओढली, मगे इलो.
त्या दिसापासून सहा उधाणां गेली, सातवां चालू हा.
तुझ्या पुठ्ठ्यार आठवां लागाक इलां.
ह्यां एक उधाण जास्तीचां
खंयसून हाडलंस?"

दारातल्या दोघी बोलायच्या थांबल्या.
प्रचिती पायाच्या अंगठ्यानं
लादीवरचा एक डाग घासत राहिली.

मी सांगायला लागले.
बीज म्हणाले, पाळी म्हणाले,
नेमकी कुठली रात्र ते कुणालाच कळत नाही गो,
पाळी तेवढी दिसते,
म्हणून दिसतं तिथून मोजायचं.
पहिले दोन आठवडे कुणाचेच नसतात.
मूल नसतं, त्याचा बाप समुद्रात असतो,
तरी ते कार्डावर चढतात.
सांगताना माझं मलाच ते लबाडीचं वाटलं,
वाण्यानं साखरेबरोबर
पुडीचा कागदही तोलावा तसं.

शेवंती खिडकीतून जेटीकडे बघत होती.
एका ट्रॉलरच्या खणात
पाट्या रित्या होत होत्या.
"बर्फ," ती म्हणाली.
बराच वेळ पुढे काहीच नाही.
"बर्फ चढलो काय ट्रिप लागली.
जाळां पाण्यात पडाक दोन दीस जावंदेत, चार जावंदेत,
मासो गावो नायतर न गावो,
खलाश्याचो भत्तो बर्फापासून."
मग सुनेकडे न बघताच,
"सोळा तर सोळा."

वीस वर्षं मी हे चक्र फिरवतेय,
बर्फाचं कधी सुचलं नव्हतं.
संध्याकाळी घरी जाताना पुलावर वाटलं,
हे दोन आठवडे तर दर महिन्याला
हरेक बाईच्या नावावर लागतात.
बर्फ चढतो, वितळतो.
माझ्याही कितीतरी ट्रिपा
कुठल्याच वहीत नाहीत.
एकच चढली होती, नवव्या आठवड्यापर्यंत.
ते कार्ड कुठे ठेवलंय, मला माहीत आहे.

पण हे नंतरचं.
तेव्हा प्रचितीनं पहिल्यांदा तोंड उघडलं.
"त्याच्या शर्टाचा डिझेलचा वास
ज्या सकाळी सोसवेना,
मी तिथून धरते.
ते धरलं तर कितवा?"
चक्रावर डिझेल नव्हतं.
मी म्हटलं, ते तू तुझं मोज, चालेल.
ती हसली. सासूही, ओठ न हलवता.

गोळ्यांची पाकिटं पिशवीत गेली.
शेवंती दारातून परतली.
"पंचवीसाक पाणी कसला?
भरतीचा काय सुकतीचा?"
कार्डावर वजनाला रकाना आहे,
रक्तदाबाला आहे, सुजेला आहे.
भरतीला नाही.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, बारीक,
पुढे प्रश्नचिन्ह,
आणि तिला सांगितलं,
फेब्रुवारीत आठवण कर.