पाणी पाचव्या दिवशी

कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखले:
तीन जाती, सहा बादल्या,
विडी घरकुलातली गच्ची.

दुकानदाराने छाती ठोकून दिलेली
बेचाळीसला फुलं गाळून बसली.
लांबोडकीने फळ धरलं,
पण बुडाशी काळं.
तिसरी? पानंच पानं, नुसता थाट.

सावलीला फाटकी चादर बांधली,
तिच्यावरचा मोर विटला आठवड्यात.
तांदूळ धुतलेलं पाणीही
तांब्याने मोजून घातलं.

आणि खाली, मोरीच्या तोंडाशी,
कुणी न पेरलेलं एक,
बोराएवढ्या फळांनी वाकलेलं.

राजव्वा म्हणाली, "चारूला हेच. आंबट आहे."
विड्यांच्या सुपात तोडून घेऊन गेलीसुद्धा.

चौथ्या रकान्याला जागा नव्हती.
पान उलटलं.
पलीकडे एप्रिल,
अजून अकरा दिवस.