बद्द

पेला टिचकीनं बोलतो.
नख काचेच्या काठावर हलकेच आपटायचं
आणि कान द्यायचा.
खणखणीत निघाला, तर पुढे.
बद्द वाजला, तर डावीकडच्या पिंपात.
एकोणीस वर्षं डेनिझलीच्या या कारखान्यात
मी एवढंच ऐकत आले.
आता घरी नवरा बोलतो तेव्हाही
मनातल्या मनात टिचकी मारून बघते.
बहुतेक वेळा खरा वाजतो.

डिसेंबरात डावं पिंप लवकर भरू लागलं.
रात्रपाळीच्या मालात हजारी एक्केचाळीस.
चीर दिसायची नाही, उन्हात धरली तरी नाही.
फक्त आवाजात असायची,
घशात अडकलेल्या हुंदक्यासारखी.

निहात बेंनी विचारलं, कोण?
मी म्हटलं, 'कोण' नंतर. आधी 'का'.
'कोण'नं माणूस हाती लागतो
आणि चीर राहते जिथल्या तिथे.
ते हसले. म्हणाले, हाजेर, तुझे 'का' संपेपर्यंत
गिऱ्हाईक चिनी पेल्यातून चहा पिऊ लागेल.
तरी कागद दिला. पाच ओळींचा, छापील.

का तडकतो?
एक कूस आधी निवते, दुसरी मागाहून.
का?
निवत्या भट्टीच्या तोंडाशी गार वारा.
का?
मागचं दार उघडं.
का?
दाराच्या फटीत वीट.
वीट का?

पाचवी ओळ भरायला मी रात्री दोनला गेले.
बाहेर डोंगरावरचं बर्फ, आत लाल काच ठिबकत होती.
इल्हामी चिमटा घेऊन उभा, तोंड भट्टीकडे,
आणि दर दहा-बारा पेल्यांमागे
मान एकदा दाराकडे.
मीही बघितलं.
रस्त्यापलीकडे इमारत, तिसरा मजला,
एका खिडकीत दिवा.

तो म्हणाला, आठवा महिना आहे.
फेरीदेला ऐकू येत नाही, बोलता येत नाही.
फोन आपले बाहेर, लोखंडी कप्प्यात, तुमचाच नियम.
म्हणून ठरवलंय:
दिवा आहे तोवर सगळं ठीक.
मग हातातला पेला खाली ठेवून
म्हणाला, ताई, वीट काढतो मी.

माझ्याकडे पेन होतं.
पाचवी ओळ रिकामी होती.
'कामगाराचा निष्काळजीपणा' हे तीन शब्द तिथे
अगदी मापात बसले असते.
मी मनात टिचकी मारली.
बद्द.

लिहिलं: दाराला खिडकी नाही.

निहात बेंनी कागद दोनदा वाचला,
चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.
रोज साठ हजार पेले करणारा कारखाना,
आणि दारात हातभर काच नाही!
शुक्रवारी सुतार आला.
वीट मी घरी नेली, कुंडीखाली ठेवली.

हजारी एक्केचाळीसचे नऊ झाले.
शून्य नाही. नऊ.
त्या नवांचा 'का' अजून सापडायचाय;
मला साच्यातल्या तेलावर संशय आहे,
नेवझातला माझ्या कानावर.

जानेवारीत एका रात्री दिवा गेला.
इल्हामीनं हातमोजे काढले तेही भट्टीशेजारी पडले,
आणि तो पळाला, कुणाला न विचारता.
नेवझात त्याच्या जागी सरकला.
एकही पेला वाया गेला नाही,
हे मला सकाळी पिंपानं सांगितलं.
मुलगी झाली हे सगळ्या गल्लीनं.

भट्टीजवळच्या भिंतीवर कामाची रीत टांगलेली असते,
तापमान, वेळ, कुणी कुठे उभं राहायचं.
त्याच्या तळाशी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं:
दिवा गेला, तर इल्हामीच्या जागी नेवझात.

मी ते खोडलं नाही.
पुढच्या आठवड्यात नीट टाइप करून घेतलं,
आवृत्ती चौथी,
आणि खाली सही केली.