चूकभूल देणे घेणे

जुलैच्या पहिल्या सोमवारी डॉक्टर टिझर्डनी
माझ्या हातात एक उशी दिली.
म्हणाले, आधी ही नीट लावायला शीक.
दारात उभं राहून हवा हुंगतो ना आपण, तशी मान हवी.
बाकीचं पाच वर्षांत येईल.

बाहेर बंदरावर धुकं. सेंट जॉन्सला असतंच.
टेबलावर बोनाव्हिस्टाचा ॲम्ब्रोज पेनी,
खेकडे धरणारा, पित्ताशयात खडे,
बोटांच्या भेगांत अजून मीठ.
"उठवाल ना मला, पोरी?"
हो म्हणाले.
डॉक्टर होऊन मला सहा आठवडे झाले होते.

पांढरं औषध दुधासारखं शिरेत गेलं.
तो आपल्या होडीचं नाव सांगत होता:
"मेरी जो..."
पुढची अक्षरं तोंडातच राहिली.
पापणीच्या केसांना बोट लावून पाहिलं. काही नाही.
श्वासही नाही.
आता त्याचा श्वास म्हणजे माझा डावा हात,
करंगळी जबड्याच्या हाडाखाली, अंगठा मास्कवर,
आणि उजव्या मुठीत एक रबरी पिशवी.
पुस्तकात हे सगळं दीड पानात आहे.

नळी मी घातली. अन्नाच्या वाटेने.
पडद्यावरची रेघ सपाट होती,
मी तिच्याकडे बघत होते आणि मला ती दिसत नव्हती.
मग नाडीचा टिपटिप सूर उतरू लागला,
अंधारात कुणी जिना उतरावा तसा,
एकेक पायरी चाचपत.
टिझर्ड ओरडले नाहीत.
नळी काढली, मास्क ठेवला, पिशवी दाबली.
सूर पायऱ्या चढून वर आला.
"आता परत घाल. सावकाश.
झोपण्याआधी त्याला चार मिनिटं ऑक्सिजन दिला होतास,
तो यासाठीच."

दुपारी ॲम्ब्रोज पेनीने डोळे उघडले.
"...सेफीन," म्हणाला,
आणि मग पाणी मागितलं.
मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले.
मग सँडविच खाल्लं. अंड्याचं होतं.

यापुढचं क्रमाने सांगता येत नाही.
पहाटे तीनला एका बाळंतिणीच्या पाठीत
सुई सरकताना बोटांखालचा अडसर अचानक संपतो,
हे शिकवून येत नाही,
एक दिवस अंगठ्याला आपोआप कळतं.
लॅब्रेडॉरमधल्या नेनहून विमानाने आणलेला चार वर्षांचा मुलगा,
मी मास्कला स्ट्रॉबेरीचा वास लावला,
तर त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला.
आजी हसत म्हणाली, तुला खोटारडी म्हणतोय.
आणि एक माणूस, ज्याचं नाव मी लिहिणार नाही.
त्याच्या बायकोचं जाकीट पिवळं होतं.

तिसऱ्या वर्षी टिझर्डनी मॉनिटरवर टॉवेल टाकला.
"सांग."
चौऱ्याण्णव, मी म्हणाले. आता त्र्याण्णव.
ते चहा प्यायला निघून गेले.
त्यांचं शाबासकी देणं असंच.

माझे बाबा ट्विलिंगेटला होडी चालवायचे,
इंजिनाला टेकून ढाराढूर झोपायचे,
आणि सूर केसभर बदलला की खाडकन उठून बसायचे.
झोपेत ऐकू कसं येतं, मी विचारलं होतं.
म्हणाले, झोपतो तो मी. कान कुठे झोपतो?

यंदाच्या जुलैत फिंटन हर्न आला.
इस्त्री मोडलेली नाही, हात थरथरतात.
मी त्याला उशी दिली.
बारा वाजता त्याने हळूच विचारलं,
भीती कितव्या वर्षी जाते?
मी पाठमोरी उभी, सिरिंजांवर नावं चिकटवत होते.
उत्तर जुळवतच होते
तेवढ्यात सूर अर्धी पायरी उतरला.
मी वळले.
त्याची मान माझ्याआधी वळली होती.