तळ्यात, मळ्यात

वेल्नीचा रस्ता फेब्रुवारीत पुन्हा पाण्याखाली गेला,
आणि त्याच आठवड्यात ईलीच्या ऑफिसात
माझं मॉडेल गळायला लागलं.

पीटरबरोच्या कुणा कारखान्याचा व्हॉल्व्ह.
एक वाकडी नळी, तिच्यावर घुमटासारखं झाकण.
दोन पृष्ठभाग. कुठे छेदतात, एवढंच सांगायचं.
प्रोग्राम कडेवरून निघतो,
पाऊल टाकतो, घसरला की सावरतो, पुन्हा पाऊल,
पलीकडची कड आली की म्हणतो: झालं.

झालेलं नसतं.
आत कुठेतरी, एकाही कडेला न शिवणारं
चिंचोक्याएवढं वेटोळं राहून जातं,
आणि सगळा घन त्यातून निथळतो.

थर्कल निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली
तरी गुरुवारी येतात, स्वतःचा कप घेऊन.
स्क्रीनकडे बघितलंही नाही. म्हणाले, गाडी काढ.

बंधाऱ्यावर बोलू न देणारा वारा.
समोर करडं पाणी, इस्त्री केल्यासारखं.
"काठाकाठाने चालत गेलीस, तर काय सापडेल?"
काठ, मी म्हटलं.
त्यांनी काठी उचलली. मध्यावर
हातभर उंचवटा, तीन हंस,
कुंपण वाहून गेलेलं एक फाटक.
"बेट असलं की जमीन कुठेतरी, एका जागी तरी,
पाण्याइतकीच आडवी होते.
आधी ती जागा शोध. चालायचं नंतर."

तीन रात्री मी पृष्ठभागाचे तुकडे करत बसले,
तुकड्यांचे तुकडे,
दोघांची तोंडं एका दिशेला वळणारच नाहीत
अशी खात्री पटेपर्यंत.
चिंचोका सापडला.

मिरजेला आमच्या बोळात
खडूच्या रेघेअलीकडे तळं, पलीकडे मळा,
रेघेवर पाय पडला की बाद.
इथे रेघेवरच उभं राहायचा पगार मिळतो,
आणि पाय कधीच नेमका पडत नाही:
सोळाव्या दशांशस्थळी
कुणीतरी हळूच ढकलतं.

पुढच्या गुरुवारी थर्कलना निकाल दाखवला.
बराच वेळ बघत राहिले.
"आणि माथा नेमका पाण्याच्या पातळीतच असला तर?
बेट नाही, बुडालेलंही नाही?"

तळ्यात की मळ्यात, मी मराठीत विचारलं.
त्यांनी मान डोलावली, समजल्यासारखी.

बाहेर रस्ता अजून बंदच होता.
मी त्यांचा कप विसळायला घेतला.